हवेची नळी

अयूबने पुन्हा बाही वर सारली आणि खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत कोपरापर्यंत हात घातला. सकाळी उजेडात नेऊन ठेवलेले समुद्रातले जिवंत पोवळे आता त्याने आडोशाला ठेवले. रानात उगवणाऱ्या सात्यांसारखे, अळंब्यांसारखे ते होते, जाड देठावर मऊ छत्री. चांगले असले की छत्रीभर बारीक बोटे पसरून डुलायचे. आठवडा झाला, सगळी बोटे आत ओढून ते मिटून बसले होते. अंगावर मेणचट पापुद्रा आला होता.

त्याच्या दुकानात दुरुस्तीला आलेला कुणाचा तरी फ्रिज उघडा पडला होता. अहेरीच्या उन्हाळ्यात फ्रिजवाल्याने दुपारीच घर गाठायचे म्हणजे गिऱ्हाइकांच्या शिव्या ठरलेल्या. फोन वाजत राहिला. अयूब उठला, पाण्याचा खारेपणा तपासला, बसला, पुन्हा उठला.

“मरते का जी हे?” त्याच्या बायकोने, अख्तरीने दारातून विचारले.

“मरत नाई. तू जाय.”

त्याला इतके तोडून बोलायचे नव्हते. ती गेली आणि लोबान घेऊनच परतली. दर गुरुवारी दिवेलागणीला ती निखाऱ्यांवर लोबान टाकून घरभर धूर फिरवायची. आज बाकीच्या खोल्या तिने भराभर उरकल्या आणि टाकीपाशी येऊन थांबली.

“नजर लागली त्याले. मांगच्या जुम्मेरातले इथीच जास्त धूर देल्ला होता. आजबी देते.”

धूर वर जायचे सोडून टाकीच्या मागे वळला. तिथे पाण्यातला मळ फेसाबरोबर उपसणारे यंत्र होते. त्याची हवा ओढायची नळी खोलीतच लोंबत होती. धुराची बारीक रेघ सरळ नळीच्या तोंडात शिरत होती आणि पाण्यात बुडबुडे होऊन फुटत होती.

मागच्या गुरुवारनंतरच तर पोवळे मिटले होते.

अयूबने अख्तरीकडे पाहिले. दोनदा अख्तरीची कूस भरली आणि रिती झाली, तेव्हा त्याच्या आईने चार बायकांदेखत म्हटले होते की हिच्या हाती काही जगत नाही. तेव्हापासून ती कुणाचे लेकरू उचलून घेत नसे. या पोवळ्याला मात्र रोज काचेवर बोट टेकवून ती उठवायची. हिला हे कळता कामा नये, एवढेच त्याच्या डोक्यात होते.

त्याने घाईने नळीचे तोंड मुठीत दाबले. तिथेच फसला. अख्तरीने त्याच्या मुठीकडे पाहिले, मग धुराकडे.

“यातून अंदर जाते का?”

त्याने मूठ आणखी घट्ट आवळली.

तिने निखारे खाली ठेवले. दोन्ही हात ओढणीत गुंडाळून घेतले. “म्हणजे माह्याच हातानं झालं.”

“हातानं काय होते? नळी मी सोडली खोलीत. फ्रिजवाला मी आहो. हवा कुठून येते, कुठी जाते, मले समजाले पाह्यजे होतं.” त्याने टाकीकडे बोट केले. “मेलं नाई ते. साफ हवा भेटली तं उघडन.”

अयूबला एका जागी उभे राहवेना. त्याने खिडकी उघडली, नळी ओढून लांब केली आणि टोक तिच्यापुढे धरले.

“धर. बाहेर काढ.”

“मी नाई.”

“तूच धर, अख्तरी.”

त्याने तिचा हात ओढणीतून सोडवला आणि टोक बोटांत दिले. तिने ते गजांमधून बाहेर काढले. तो सुतळी शोधत घरभर फिरला. तुकडा घेऊन आला आणि म्हणाला, “सोड आता, बांधतो.”

तिने सोडले नाही. बाहेर अंधार पडला. रस्त्यावरून कुणीतरी तिला हाक मारली. तरी ती गजांबाहेर हात ताणून तशीच उभी राहिली, स्वतःचा श्वाससुद्धा दबकत घेत.