उमरचा नकार

“नगं मालक. घेऊ नगासा ती डबी,” उमर म्हणाला आणि पुन्हा डार्करूमकडे वळला.

अमरेशचं डोकं सणकलं. सकाळपासून तिसऱ्यांदा हेच. टेबलावर मुंबईच्या विक्रेत्यानं चाचणीसाठी आणलेली डिजिटल बॅक होती. ती काळी चौकोनी डबी जुन्या मोठ्या कॅमेऱ्याच्या पाठीला, रोलच्या जागी बसवायची. तार कॉम्प्युटरला जोडली की काढलेलं चित्र लगेच पडद्यावर. सगळा सरंजाम घ्यायचा तर कागल रस्त्याकडची जागा विकावी लागणार होती. न घ्यावा तर गुजरीतले बाळासो सराफ स्पष्ट सांगून गेले होते, यंदाचा कॅटलॉग पुण्याला देणार. पुण्यात सगळं डिजिटल झालंय म्हणे. दागिन्यांचे फोटो म्हणजे अमरेश, हे कोल्हापुरात वीस वर्षं चाललेलं समीकरण. ते दोन हजार पाच साली मोडायला निघालं होतं.

उमर त्या वीस वर्षांचा सोबती. दिवे लावायचा, रोल धुवायचा, प्रिंट काढायचा. कामाची रीत ठरून गेलेली होती. बारा चित्रांच्या रोलवर नऊ काढून अमरेश गिऱ्हाइकासोबत बिनसाखरेचा चहा घ्यायला बसायचा. उरलेली तीन उमर मारून टाकायचा, रोल वाया जाऊ नये म्हणून. मग रोल घेऊन आत जायचा आणि संध्याकाळी असा प्रिंट आणायचा की सराफ बघत राहायचे.

आता डिजिटल आलं की डार्करूमला कुलूप. उमर कशासाठी नको म्हणतोय हे शेंबडं पोरही सांगेल.

“तुला काढणार न्हाय मी,” अमरेश म्हणाला. “कॉम्प्युटर शीक. त्यात काय एवढं?”

“माझं न्हाय ओ मालक.”

“मग कुणाचं?”

उमरनं हात पुसले. दुपारी बाळासो सोन्याचा साज घेऊन यायचे होते, त्याची तयारी करायला तो निघून गेला.

बाळासो आले. काळ्या कापडावर साज मांडला गेला. विक्रेता कॉम्प्युटरपाशी बसला, उमर पांढरा पुठ्ठा धरून लेन्सच्या बाजूला उभा राहिला. अमरेशनं वाकून भिंगाला डोळा लावला आणि हळूहळू फोकसची रिंग फिरवली. साजाचं पान न् पान उमटलं तसं त्यानं बटण दाबलं.

बाळासो पडद्यावर झुकले. “पानावरची नक्षी दिसंना की ओ.”

विक्रेत्यानं चित्र मोठं केलं. “जरा अंधुक आलंय साहेब. परत घेऊ या.”

अमरेशला त्यात काही वावगं दिसेना, पण गिऱ्हाइकापुढं वाद कशाला? त्यानं दुसरं काढलं, तिसरं काढलं. पाच झाली. पाचही तशीच.

“मालक,” उमर हळूच म्हणाला, “दोन-तीन मी घेऊ?”

“इथं कुठला रोल संपवायचाय तुला?”

बाळासो मोठ्यानं हसले. उमरनं मान खाली घातली.

विक्रेत्यानं अमरेशला बाजूला घेतलं. “बॅक ठणठणीत आहे. आज सकाळीच तुमच्या याच कॅमेऱ्यावर मी तपासलीय. तुम्ही फोकस लावल्यावर रिंगला कुणाचा हात लागतोय का, तेवढं बघा.”

रिंगपाशी एकच माणूस उभा होता.

“उमर, रिंग हलवलीस?”

उमरनं आधी बाळासोंकडं पाहिलं, मग विक्रेत्याकडं. “व्हय मालक. लागला आसंल हात.”

“पाची येळा?”

“व्हय.”

उमर नाही म्हणाला असता तरी चाललं असतं. निदान भांडता आलं असतं. या माणसाचा रोजा सुटायच्या वेळेला शांभवी, अमरेशची बायको, दरवर्षी खजूर पाठवायची. लेकीच्या बारशाचे फोटो यानंच धुतले होते. आणि ऐन हंगामाच्या तोंडावर, गिऱ्हाइकासमोर, त्यानं गळा कापला. वीस वर्षं अस्तनीत निखारा बाळगला आणि चटका आज कळला.

“उद्यापास्नं येऊ नगंस.”

उमरनं डार्करूमची किल्ली टेबलावर ठेवली. “शुगरच्या गोळ्या येळेवर घेत चला मालक,” एवढंच म्हणाला आणि जिना उतरला. वर चेष्टा करून गेला, अमरेशला वाटलं.

बाळासोंनी मात्र मोठेपणा दाखवला. “तुमचा हात मला ठाव हाय. ह्या साली जुन्याच फोटोंवर भागवू. निगेटिव्ह काढून ठेवा. पावणं, पुढच्या सालासाठी त्या डबीची भरा पावती,” ते विक्रेत्याला म्हणाले. अमरेशनं तिथल्या तिथं होकार दिला. जागा गेली तर गेली. आता कुणाच्या हातावर विसंबायचं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याची मुलगी रक्षिता कॉलेज बुडवून निगेटिव्ह निवडायला बसली. उमरनं वर्षावार खोकी लावली होती. छापलेल्या प्रत्येक चित्राशेजारी लाल पेन्सिलीची बारीक खूण होती. रक्षिता उजेडाच्या पेटीवर पट्टी ठेवून भिंगातून एकेक बघत होती.

“आप्पा, खुणा सगळ्या दहा, अकरा, बारा नंबरावरच हायत.”

“मग तीच काढ की.”

“काढली. पर प्रत्येक रोलचं तसंच हाय. एक ते नऊ सगळी अंधुक, न् शेवटची तीन कशी लखलखीत. पाच-सहा वर्षांची खोकी बघितली मी.”

अमरेशनं तिच्या हातातलं भिंग घेतलं. बराच वेळ पट्टीवर वाकून राहिला. त्याला बाराही चित्रं सारखीच दिसत होती.

“शेवटची तीन कोण काढायचं ओ आप्पा?” रक्षितानं विचारलं.