चरबीच्या गाठी

गुणाबाईंच्या दोन्ही किडन्यांवर गाठी निघाल्या. "चरबीच्या आहेत, कॅन्सर नाही," असं नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तसा त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मनोमन देवीला हात जोडले.

डॉक्टरीणबाई मात्र त्यांच्या गालावरच्या बारीक फोडांकडे बघत राहिल्या. "लेकरांत कुणाच्या अंगावर पांढरे चट्टे आहेत? झटके येतात? हा आजार आईकडून लेकरांत जातो. त्यांना गाठी मेंदूत होतात."

"चट्टे हायत की पुनमला. पण झटके न्हाईत बाई. तिच्या अंगात देवी येती. दर मंगळवारी अख्खं गाव पाया पडतंय."

तेवढ्यात मुखेडहून नवऱ्याचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"अगं, लवकर ये! सकाळधरनं पुनमच्या अंगातून देवी गेलीच न्हाई. रांग पार एसटी स्टँडपस्तोर गेलीय."