कानामागची पट्टी

"भांडण तेवढं काढायचं. आजूबाजूला हात लावायचा नाही," खुर्चीत बसता बसता शेवंतीने पोरीला बजावलं. "त्याच्या शेजारीच माझे मोदक आहेत. ते विसरले तर तुझ्या दुकानाला टाळं लावीन."

अस्मिता नावाची ती पोरगी हसली नाही. घाटकोपरच्या त्या विसर केंद्रात रोज असलीच गिऱ्हाइकं. कुणाला नवरा विसरायचा, कुणाला सासू. तिने शेवंतीच्या डोक्यावर वायरींची टोपी चढवली. "आजी, आता ते भांडण आठवून सगळं मोठ्याने सांगा. तुमचं सांगून झालं की मी बटण दाबते. मग गेलं."

शेवंतीला आणखी काय हवं होतं? विक्रोळीत ते भांडण ऐकायला आता कुणी उरलं नव्हतं. तिने सुरुवात केली रे केली की सून मिक्सर लावायची.

"ऐक. देव घरात बसलेला. पंगत मांडलेली. आणि आमच्या थोरल्या जाऊबाई, जानकीबाई, माझा मोदक असा वर धरून सगळ्यांसमोर म्हणतात, 'शेवंते, ह्यांना मोदक म्हणायचं की गाठोडी?' अगं, मला कळ्या पाडायला शिकवलं कुणी? ह्याच बाईने! नवी नवरी होऊन आले तेव्हा माझी बोटं आपल्या हातात धरून, एकेक कळी काढून दाखवली. आणि तीच मला हसते? मग मीही देवासमोर हात जोडले. म्हटलं, ह्यांच्याशी परत बोलले तर नावाची शेवंती नाही!"

तेव्हापासून गणपती एक वर्ष थोरल्यांकडे बोरीवलीला बसायचा, एक वर्ष विक्रोळीला शेवंतीकडे. देव दोन्ही घरी जायचा. जावा एकमेकींकडे जात नव्हत्या.

यंदा शेवंतीची पाळी. आणि तिच्या नवऱ्याने, दादूने, जेवता जेवता हळूच सांगितलं होतं, "वहिनी येणार म्हणतायत. गुडघे गेलेत त्यांचे. पुढच्या खेपेला त्यांना आपले जिने चढवतील असं काही वाटत नाही." शेवंतीचा घास तोंडातच फिरत राहिला. बोलायचं तर होतं. पण देवासमोर घेतलेली शपथ देवासमोरच कशी मोडायची? चारचौघांत नाक राहिलं असतं का?

"दाबू?" अस्मिताने विचारलं.

शेवंतीने टोपी दोन्ही हातांनी गच्च धरली. "थांब. भांडण गेलं की ती बोटं धरलेली, ते राहील ना?"

"सांगता येत नाही आजी. तुम्ही दोन्ही एका दमात सांगितलंत. एकाबरोबर दुसरंही जाऊ शकतं."

शेवंतीने टोपी काढून पोरीच्या मांडीवर ठेवली. "मग राहू दे. नुसती पट्टी लाव."

केंद्रातून बाहेर पडणाऱ्याच्या कानामागे रुपयाएवढी हिरवी पट्टी असे. ती दिसली की त्या माणसाकडे जुनं काही काढायचं नाही, हे आता सगळ्या मुंबईला ठाऊक झालं होतं.

"पण आजी, तुम्ही काहीच विसरला नाहीत."

"ते तुला आणि मला माहीत. आपली शपथ विसरलेल्या बाईला बोलायला कोण अडवतंय?"

गणपतीच्या दिवशी जानकीबाई कठडा धरून धापा टाकत वर आल्या. दारात टेकल्या, पदराने मान पुसली, आणि शेवंतीची नजर तिथेच अडकली. बाईच्या कानामागे हिरवं गोल.

म्हणजे ही पुसून आली! मी ती बोटं जपायला एवढा अपमान उराशी धरून बसले, आणि ह्या बाईने सगळंच्या सगळं धुऊन टाकलं? मग आता भांडायचं कुणाशी? आणि मोदक शिकवल्याचं बोलायचं तरी कुणाशी?

पण खोली भरलेली होती, आणि सगळे दोघींच्या कानांकडे बघत होते.

"या जाऊबाई," शेवंती म्हणाली. "फार दमलात."

"कशी आहेस गं शेवंते?" जानकीबाई गोड हसल्या. "काल भेटल्यासारखं वाटतंय."

दादूने सुटकेचा श्वास सोडला. सुनेने मिक्सरच्या बटणावरचा हात काढला. दोघी गुडघ्यांवर बोलल्या, सुनांवर बोलल्या, टोमॅटोच्या भावावर बोलल्या. दोन परक्या बायका डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यावर बोलतात, तशा. शेवंतीला रडू यायचं बाकी होतं.

आरती झाली. पंगत बसली. शेवंतीने झाकलेलं पातेलं आणून मधोमध ठेवलं. जानकीबाई पुढे वाकल्या.

"झाकण काढ बघू. यंदा तरी मोदक आहेत की पुन्हा गाठोडीच?"

आणि त्यांनी जीभ चावली.

दादूचा हात वरणातच राहिला. सुबोध, शेवंतीचा मुलगा, ताटावरून मान वर करून म्हणाला, "काकी, पण तुम्ही तर विसरलात ना?"

जानकीबाईंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. घाम मानेवरून खाली ओघळला आणि कानामागचं हिरवं गोल अर्धं सुटून लोंबायला लागलं.

शेवंतीने झटकन पुढे होऊन ते अंगठ्याने परत चिकटवलं.

"टिकली नीट लावा, जाऊबाई," ती त्यांच्या कानात म्हणाली. "माणसं बघतायत."