मैनेच्या बदली

चावडीच्या पायरीखाली राही मुलीची तुटलेली पोत मुठीत धरून उभी होती. ती देशमुखांनी विकत घेतलेली कुणबीण, त्यामुळे तिची साक्ष चालणार नव्हती. पण धन्याचे पाय धरून फिर्याद तिनेच करायला लावली होती. विहिरीवर घागरीचा धक्का लागला एवढ्यावरून शेजारच्या इनामदाराने तिच्या लेकीला, मैनेला, काठीने मारून टाकलं होतं.

न्यायाधीशांनी निवाडा सांगितला. "इनामदारांनी देशमुखांचं नुकसान केलं आहे. मैनेच्याच वयाची धडधाकट पोर त्यांनी आठ दिवसांत देशमुखांना भरून द्यावी."

"आन् माझी लेक, म्हाराज?"

"तुझी कुठली?" कारकून कागद गुंडाळत म्हणाला. "ती देशमुखांची होती."

सहाव्या दिवशी इनामदाराचा गडी इनामदाराच्याच एका कुणबिणीची पोर घेऊन आला. मालकिणीने तिचे दात बघितले, दंड दाबून पाहिले. "हिलाही मैनाच म्हणू या. तोंडात बसलंय ते नाव. राही, हिला दळायला शिकव."

राहीने तिला जात्यापाशी बसवलं. खुंट्यावर तिचा हात ठेवून त्यावर आपला ठेवला.

"रडू नगं. म्या हाय न्हवं."

"माझी आय मागल्या दाराला उभी हाय," पोर हळूच म्हणाली. "ती इचारतीया, फिर्याद कुनी केली?"

राहीने मान खाली घातली आणि जातं ओढायला लागली. त्यात दाणे नव्हते.