पाचवं कारण

"चारच सांगितलीस. पुस्तकात पाच आहेत."

तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत आई पुस्तक नाकाशी धरून बसली होती, आणि समोर तिचा घोड्याएवढा मुलगा हाताची घडी घालून धडा म्हणून दाखवत होता. उद्या तुरुंगातच त्याचा पेपर होता, गुन्हेगारीशास्त्राची तोंडओळख. शाळेत असताना पाठांतर म्हटलं की या पठ्ठ्याच्या पोटात दुखायचं. आता कधी नव्हे ते मन लावून शिकत होता, आणि आईला आभाळ ठेंगणं झालं होतं.

"माणूस गुन्ह्याकडे का वळतो? पुन्हा म्हण."

"गरिबी, बेकारी, वाईट संगत, नशा," तो भराभरा म्हणाला. "बास. पाचवं सोड. फालतू आहे."

"सोड म्हणे! पेपर काढणारा तुझा मामा लागतो का?" तिने पान उलटलं, ओळीवरून बोट फिरवलं आणि ते तिथेच थांबलं. 'घरातल्या मोठ्यांचे दुर्लक्ष.'

घरात मोठं माणूस म्हणजे ती एकटीच. दिवसभर शिलाईचा कारखाना, संध्याकाळी दुसऱ्यांची धुणीभांडी. पोरगा कुठे जातो, कुणाबरोबर फिरतो, बघायला वेळ कुठे होता? त्याला पकडून नेलं तेव्हापासून हेच तिला आतून खात होतं. विचारायची छाती झाली नव्हती.

"हे खरं आहे का रे?"

"लिहिणारा कधी आपल्याकडे जेवायला आला होता?" मुलगा उसळला. "गाड्या मी चोरल्या. तू नाही. मी नाही लिहिणार ते."

"अरे गाढवा, मार्क जातील!"

"जाऊ देत."

दारातल्या पहारेकऱ्याने वेळ संपल्याची खूण केली. आईने घाईघाईने डोळे पुसले.

"तुला कळतं, मला कळतं. पेपर तपासणाऱ्याला कुठून कळणार? जन्मात पहिल्यांदा पास व्हायला निघालास, आणि माझ्यापायी नापास होतोस? म्हण. पाचही."

त्याने पहिली चार म्हटली. पाचव्याला मान खाली गेली.

"वर बघून. मोठ्याने."

"घरातल्या मोठ्यांचं दुर्लक्ष," तो म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

"शाब्बास माझ्या राजा," आई त्याचे गाल पुसत म्हणाली. "अगदी असंच लिही. आणि अक्षर जरा नीट काढ."