दहापैकी तीन

तीन.

आकडा लिहून प्रताप मास्तरांनी कागद तळहाताने झाकला. एडवणच्या नवरात्रातल्या गायन स्पर्धेचे ते सोळा वर्षं परीक्षक होते आणि त्यांच्या पेनातून नवाच्या खालचा आकडा कधी उतरला नव्हता. कुणी नाराज झालं नव्हतं. दरवर्षी शाल मिळे. कपाटात आता शर्टांना जागा उरली नव्हती.

पण आज उमरोळीहून निघतानाच त्यांनी ठरवलं होतं, खरं लिहायचं. निदान एकदा. कलेसाठी. (कलेने मागितलं नव्हतं.)

स्टेजवर मंडळाच्या अध्यक्षांची नात, किंजल. दुसऱ्याच ओळीला तिचा सूर गेला, पाठोपाठ शब्द. पोरगी थिजली. तिने मास्तरांकडे पाहिलं.

सूर : ३
धैर्य (परीक्षकाचं) : १०

हाताने तीन लिहिले ते तेव्हाच. मान मात्र सवयीने डोलतच होती.

किंजलने पुन्हा सुरुवात केली. मागे गरब्यासाठी ताटकळलेल्या बायका बोलायच्या थांबल्या. मास्तरांच्याही अंगावर काटा आला. तीन त्यांनी तसेच ठेवले. खाडाखोड केली तर बाणेदारपणा कसला?

निकाल लागला. पहिली, किंजल.

मास्तर तडक गुणांची बेरीज करणाऱ्या शैलेशकडे गेले.

"शैलेश, मी तिला तीन दिलेत."

"दिले असतील."

"मग ती पहिली कशी?"

शैलेशने आजूबाजूला पाहिलं. "मास्तर, राग मानू नका. तुमचा कागद आमी धरतच नाय. दुसऱ्या वर्षापासून. सगळ्यांना नऊच, त्यात धरायचं काय?"

"पंधरा वर्षं? मग मला बोलावता कशाला?"

"पोरांसाठी. तुमी समोर बसून मान डोलवता ना, अडकलेलं पोर पण परत गातं. आज बघितलं नाय काय?" त्याने शालीची घडी मोडून मास्तरांच्या खांद्यावर टाकली. "पुढच्या वर्षी येणार ना?"

पंधरा वर्षांच्या अपमानाला शोभेल असं एक सणसणीत वाक्य मास्तरांनी मनात जुळवलं. चांगलंच जुळलं.

तोंड उघडायच्या आत मान डोलली.