बेडकांचं गप्प बसणं

"मले ह्या हाराचं काय करा लागते? पोराचा आवाज ऐकव मले," धुरपताबाई म्हणाल्या आणि गळ्यातला हार काढून त्यांनी सरळ टेबलावरच्या बेडकाच्या सांगाड्यापाशी ठेवून दिला.

प्राणिशास्त्र विभागात पेढे वाटून झाले होते. वाशीमच्या त्या कॉलेजात एरवी बातमी म्हणजे परीक्षेचं वेळापत्रक. आज मात्र डॉ. संघपालचा शोधनिबंध परदेशातल्या मोठ्या नियतकालिकात छापून आला होता. संघपाल मार्चमध्येच गेला होता. प्रॅक्टिकल परीक्षा घेता घेता छातीत कळ आली म्हणाला, स्टुलावर बसला आणि संपला. निबंधाचं उरलेलं काम त्याच्या बायकोने, याच विभागातल्या नीलिमाने, पुरं केलं होतं. तो नाही, म्हणून सत्कार त्याच्या आईचा, धुरपताबाईंचा. प्राचार्य भाषणात दोनदा गहिवरले. नीलिमा समोसे कमी पडत नाहीत ना, एवढंच पाहत होती.

मार्चपासून तिला काही होतच नव्हतं. रडू नाही, राग नाही, भूकसुद्धा नाही. लोक म्हणत, मॅडम मोठ्या खंबीर. खंबीर कसल्या! दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल होतो ना, तशी ती झाली होती. जागेवर होती, पण आपली वाटत नव्हती.

संघपालचा विषय साऱ्या विभागाच्या थट्टेचा. लोक बेडकांचं ओरडणं अभ्यासतात, हा त्यांचं गप्प बसणं अभ्यासायचा. माणूस काठावर आला की तळ्यातले बेडूक चिडीचूप होतात. माणूस हलला नाही, तर थोड्या वेळाने एखादा धीट बेडूक सुरू करतो, आणि मग सगळेच. ही मधली शांतता कुठे लांबते, कुठे आटोपते, एवढाच त्याचा ध्यास. मागच्या वर्षी पावसाळाभर तो संध्याकाळी इंझोरीच्या तळ्यावर जायचा. काठावर रेकॉर्डर चालू करून आधी स्वतः बोलायचा, "इंझोरी. वारा पडलाय. पाणी गढूळ आहे. मी बसतो आता." शेवटच्या वाक्याचा संशोधनाला काही उपयोग नव्हता, पण तो ते म्हणायचाच.

एकदा अनसिंगला घरी गेला असताना त्याने आईच्या कानाला हेडफोन लावून ते ऐकवलं होतं. "एकटाच कोनाशी बोलून राह्यला रे?" म्हणून धुरपताबाई पोट धरून हसल्या होत्या. एरवी तो बोलणारा माणूसच नव्हता. फोनवर 'हो, ठेव'च्या पुढे गाडी जात नसे, आणि व्हिडिओ काढायचा झाला की कॅमेऱ्यामागे हाच. त्याचा आवाज कुठे राहिला असेल तर तो तळ्यावरचा, तेवढाच.

नीलिमाने कॉम्प्युटर लावला, स्पीकर मोठा केला. काही ऐकू आलं नाही. बराच वेळ नाही. मग एक बेडूक ओरडला, आणि मग सगळं तळं.

"हा कुठी हाय?" धुरपताबाईंनी विचारलं.

तिने दुसरी फाईल लावली, मग तिसरी. सगळीकडे तेच.

संघपालचा संशोधक विद्यार्थी अमरदीप समोशाची प्लेट हातात धरून उभा होता. तो चाचरत म्हणाला, "मॅडम, सरांचं बोलणं काढलंय सगळ्यांतून. तुम्हीच म्हणाल्या होत्या, निबंधासोबत पाठवायच्या आधी साफ कर."

"मूळ फायली?"

"त्यांच्यावरच काम केलं. आणि रेकॉर्डरचं कार्ड मुलांच्या सहलीसाठी रिकामं करून दिलं. तेही तुम्ही..."

ती म्हणाली होती. तिला आठवलंसुद्धा. उत्तरपत्रिका तपासता तपासता, मान वर न करता म्हणाली होती, "बेडूक सोडून जे असेल ते काढून टाक." इतकी वर्षं मुलांना तिने हेच शिकवलं होतं. बेडूक तेवढा कामाचा, बाकीचा सगळा कचरा. त्या कचऱ्यात तिने नवरा टाकला होता, आणि तेव्हा तिच्या पेनाने एक मार्कही चुकवला नव्हता.

"आई," ती म्हणाली, "त्याचा आवाज पुसल्या गेला. म्याच पुसाले लावला."

पेढ्याचा डबा कुणीतरी उगाच बंद केला. शेवटची फाईल संपून पहिली आपोआप पुन्हा सुरू झाली. स्पीकर पुन्हा मुका.

"आता हे काहून बंद पडलं?" धुरपताबाईंनी स्पीकरकडे बोट केलं.

"बंद नाही पडलं, आई." वर्गात कितीदा दिलेलं उत्तर नीलिमा देऊ लागली. "मानूस काठावर आला का बेडकं गप होतात. जोवर तो..."

ती थांबली. हे वाक्य तिने निबंधात तपासलं होतं, सुधारलं होतं, पुन्हा तपासलं होतं. त्यातला माणूस कोण, हे तिच्या एकदाही मनात आलं नव्हतं.

"तो आलाय ना काठावर," ती म्हणाली. "म्हून ते गप हायेत." आणि मार्चपासून अडलेलं रडू साऱ्या विभागादेखत फुटलं. तिने पदर लावला नाही की तोंड फिरवलं नाही.

स्पीकरमध्ये एक बेडूक बोलला. मग दुसरा. धुरपताबाईंनी खुर्ची ओढून कान स्पीकरला लावला.

"बेडकं बोलाले लागले का बंद करत जाय वं माय," त्या म्हणाल्या, "अन् फिरून पह्यलेपासून लाव."